सल्लागार जेव्हा पक्ष काढतो

बिहार विधानसभेच्या २०२५ च्या निकालावर या सदरात गेल्या वेळी चार ओळी लिहिल्या, तेव्हा त्यावर इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. बहुतेक पत्रांत विषय एकच होता : दुसऱ्यांच्या प्रचाराची आखणी करणारा माणूस स्वतः पक्ष घेऊन उभा राहतो, तेव्हा काय होते? म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार फक्त गावांची नावे दिली आहेत.

प्रश्न (कराड) : इतरांना निवडणुका जिंकून देणाऱ्या प्रशांत किशोर यांना स्वतःच्या पक्षासाठी एकही जागा का जिंकता आली नाही? शिवाय ते त्या पक्षाचे अध्यक्ष आहेत की नाहीत, हेही बातम्यांवरून नीट कळत नाही.

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे अर्धे उत्तर त्यातच दडलेले आहे. कागदोपत्री ते अध्यक्ष नाहीत. २ ऑक्टोबर २०२४ रोजी पाटण्याच्या व्हेटरनरी कॉलेजच्या मैदानावर जन सुराज पक्षाची घोषणा झाली, तेव्हा परराष्ट्र सेवेतून निवृत्त झालेले मनोज भारती कार्याध्यक्ष झाले आणि मे २०२५ मध्ये पूर्णियाचे माजी खासदार उदय सिंह यांच्याकडे राष्ट्रीय अध्यक्षपद आले. किशोर यांची ओळख मात्र 'सूत्रधार' अशीच करून दिली जाते. मराठी माणसाला हा शब्द नाटकातून चांगला परिचित आहे : सूत्रधार नांदी म्हणतो, नटीशी दोन शब्द बोलतो आणि पात्रे रंगमंचावर आली की विंगेत निघून जातो. येथे अडचण अशी झाली की पक्षाचा चेहरा, आवाज आणि फलकावरचा फोटो हे सगळे सूत्रधाराचेच होते, आणि अध्यक्ष कोण हे बिहारबाहेर फारसे कोणाला सांगता आले नसते. हे अध्यक्षपद त्यांनी नाकारले की टाळले, यावर दोन मते असू शकतात. मी 'टाळले' म्हणेन.

आता त्यांच्या कारकिर्दीकडे पाहू. किशोर मूळचे बिहारचे. राजकारणाशी संबंध येण्यापूर्वी ते संयुक्त राष्ट्रांच्या सार्वजनिक आरोग्याच्या कामात होते आणि आफ्रिकेतील चाड देशातही त्यांनी काम केले होते. २०११ च्या सुमारास ते परतले आणि गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांच्याबरोबर काम करू लागले. २०१२ ची गुजरात विधानसभा आणि २०१४ ची लोकसभा या दोन निवडणुकांनी त्यांचे नाव झाले. त्यानंतर ते भाजपपासून दूर गेले आणि २०१५ मध्ये त्याच भाजपविरुद्ध नितीश कुमार यांच्यासाठी उभे राहिले.

या बिहारच्या निवडणुकीतील एक प्रसंग त्यांची कला नेमकी कशात आहे हे दाखवतो. जुलै २०१५ मध्ये मुझफ्फरपूरच्या सभेत मोदी यांनी नितीश यांच्या 'डीएनए'चा उल्लेख केला. एखाद्या जुन्या वळणाच्या नेत्याने निषेधाचे पत्रक काढले असते आणि विषय दोन दिवसांत विरला असता. येथे झाले ते वेगळेच. ही टीका एका व्यक्तीवर नसून समस्त बिहारी माणसावर आहे, असे सांगत पन्नास लाख लोकांचे नमुने दिल्लीला पाठवण्याची मोहीम जाहीर झाली. लोक रांगेत उभे राहून नखे आणि केस कापून देत होते, ते पाकिटांत बंद होत होते आणि पाकिटांवर पंतप्रधान कार्यालयाचा पत्ता होता. विरोधकाच्या तोंडून निसटलेले वाक्य सामान्य माणसाला स्वतःच्या हाताने करता येईल अशा कृतीत बदलणे, हे त्यांचे खरे कसब होते. घोषणा लिहिणारे पुष्कळ असतात. नखे कापून घेणारा एखादाच.

तथापि त्या निवडणुकीत महाआघाडीला २४३ पैकी १७८ जागा मिळाल्या त्या केवळ पाकिटांमुळे नव्हेत. लालू प्रसाद, नितीश कुमार आणि काँग्रेस एकत्र आले होते आणि त्यांच्या मतांची बेरीजच भारी होती. याचा पुरावा दोन वर्षांच्या आत मिळाला. सप्टेंबर २०१६ मध्ये उत्तर प्रदेशात काँग्रेससाठी त्यांनी 'खाट सभा' योजली : देवरिया जिल्ह्यात राहुल गांधी यांच्या सभेला खुर्च्यांऐवजी शेकडो नव्या खाटा मांडल्या गेल्या, म्हणजे शेतकऱ्याने आपल्या अंगणात बसल्यासारखे बसावे. कल्पना उत्तम होती. सभा संपल्यावर लोकांनी त्या खाटा डोक्यावर घेतल्या आणि घरी नेल्या, आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत भाषणाऐवजी खाटांचीच छायाचित्रे गाजली. निकालात ४०३ पैकी काँग्रेसच्या वाट्याला ७ जागा आल्या. त्याच मार्च २०१७ मध्ये, त्याच सल्लागाराच्या हाताखाली, पंजाबात मात्र अमरिंदर सिंग यांनी ११७ पैकी ७७ जागा जिंकल्या. सल्लागार एकच होता, पक्षही एकच होता. एका राज्यात मजबूत नेता आणि जिवंत संघटना होती, दुसऱ्या राज्यात खाट मांडायलाही माणसे बाहेरून आणावी लागत होती, इतकाच काय तो फरक.

पुढे २०१९ मध्ये आंध्र प्रदेशात जगनमोहन रेड्डी यांना १७५ पैकी १५१ जागा, २०२० मध्ये दिल्लीत आम आदमी पक्षाला ७० पैकी ६२ आणि २०२१ मध्ये तमिळनाडूत द्रमुक व पश्चिम बंगालमध्ये तृणमूल काँग्रेस, अशी विजयांची माळ लागली. बंगालमध्ये भाजप दोन आकडी संख्येपलीकडे जाणार नाही, असे त्यांनी डिसेंबर २०२० मध्येच लिहून ठेवले होते. भाजप ७७ वर थांबला. २ मे २०२१ रोजी, म्हणजे त्यांचे भाकीत सर्वांत ठळकपणे खरे ठरले त्याच दिवशी, आपण हे काम सोडत असल्याचे त्यांनी दूरचित्रवाणीवर जाहीर केले.

या सगळ्यांत सल्लागाराला काय मिळाले होते ते पाहा. त्याला बांधलेला वाडा मिळाला होता. रंग कोणता द्यावा, दर्शनी भिंतीवर काय लिहावे, कोणती खोली बंद ठेवावी, हे त्याने सांगितले आणि उत्तम सांगितले. पक्ष काढणाऱ्याला पाया खणावा लागतो. बिहारमध्ये नव्वद हजारांहून अधिक मतदान केंद्रे आहेत. प्रत्येक केंद्रावर मतदान सुरू होण्यापूर्वीच्या चाचणी मतदानापासून यंत्राला सील लागेपर्यंत बसणारा एक पोलिंग एजंट हवा, बाहेर टेबल लावून चिठ्ठ्या देणारे दोघे हवेत आणि दुपारी तीनला 'अमक्या वस्तीतून अजून कोणी आलेले नाही' हे ओळखून सायकलला टांग मारणारा एक हवा. हा शेवटचा माणूस पगारावर मिळत नाही. तो आजोबांपासून त्या पक्षात असतो, किंवा जातीच्या नात्याने बांधलेला असतो, किंवा आमदाराने कधीतरी त्याच्या मुलीच्या लग्नात धावपळ केलेली असते.

२०१९ च्या विधानसभा निवडणुकीत आमच्या भागातील एका उमेदवाराच्या कार्यालयात मी हे समोरासमोर पाहिले आहे. एकसारखे टी-शर्ट घातलेली तीन तरुण मुले टॅबलेटवर आकडे भरत होती आणि पक्षाच्या एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याला त्याच्या केंद्राची माहिती विचारत होती. त्याने खिशातून घडी पडून फाटायला आलेला मतदार यादीचा कागद काढला. नावांपुढे पेन्सिलीने फुल्या आणि टिंबे होती. एका टिंबाचा अर्थ विचारल्यावर तो म्हणाला, 'हे घर मत देईल, पण आधी घरी जाऊन चहा प्यावा लागेल.' मुलांच्या टॅबलेटमध्ये त्यासाठी रकाना नव्हता. मुले हुशार होती, हेही सांगायला हवे. त्यांनी तो रकाना संध्याकाळपर्यंत तयार केला. पण चहा प्यायला जाण्यासाठी त्यांना तो म्हाताराच लागणार होता.

किशोर यांनी हा पाया खणण्याचा प्रयत्न केलाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २ ऑक्टोबर २०२२ रोजी पश्चिम चंपारणमधील भितिहरवा येथील गांधी आश्रमापासून त्यांनी पदयात्रा सुरू केली आणि पुढची दोन वर्षे ते गावोगाव चालत राहिले. मुलांचे शिक्षण, रोजगार आणि परराज्यांत मजुरीसाठी होणारे स्थलांतर हे त्यांनी लावून धरलेले विषय खोटे नव्हते. पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर बिहारी कामगार पाहणाऱ्या आपल्याला ते सांगायला नको. पण लोक ऐकत होते आणि मत देणार होते, या दोन गोष्टींत अंतर राहिले. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ७५ लाख महिलांच्या खात्यांत प्रत्येकी दहा हजार रुपये जमा केले. 'लाडकी बहीण' पाहिलेल्या महाराष्ट्रातील वाचकांना याचा परिणाम समजावून सांगण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या मते निर्णायक ठरली. किशोर स्वतः उभे राहिले नाहीत. राघोपूर किंवा करगहर या मतदारसंघांची चर्चा बरेच दिवस चालली, राघोपूरमध्ये त्यांनी प्रचारही केला आणि शेवटी आपण लढणार नसून संघटनेचे काम पाहणार असल्याचे सांगितले. सल्लागार म्हणून हा निर्णय कदाचित अचूक होता. नेता म्हणून तो महागात पडला, कारण जो स्वतःची अनामत रक्कम पणाला लावत नाही त्याच्यासाठी मतदाराने आपले मत का पणाला लावावे? पक्षाने २३८ जागा लढवल्या, एकही जिंकली नाही, बहुतेक उमेदवारांच्या अनामत रकमा जप्त झाल्या आणि मते तीन ते साडेतीन टक्क्यांच्या दरम्यान राहिली. नितीश यांच्या पक्षाला २५ हून अधिक जागा मिळाल्यास राजकारण सोडीन, असे ते म्हणाले होते. त्या पक्षाला ८५ मिळाल्या. पत्रकारांनी आठवण करून दिल्यावर, आपण कोणत्या पदावर आहोत की राजीनामा द्यावा, असा उलट प्रश्न त्यांनी केला. पराभवाची जबाबदारी त्यांनी त्याच वेळी स्वीकारली आणि भितिहरव्याला जाऊन एक दिवस मौन उपवासही केला, हे नोंदवणे न्यायाचे होईल. पण पदाविषयीचा तो प्रश्न सल्लागाराचा होता.

प्रश्न (सांगली) : त्यांना तयार पक्षात मोठे पद मिळाले होते ना? मग तेथे ते का टिकले नाहीत?

मिळाले होते. सप्टेंबर २०१८ मध्ये ते संयुक्त जनता दलात आले आणि पुढच्याच महिन्यात राष्ट्रीय उपाध्यक्ष झाले. म्हणजे पक्षात अध्यक्ष नितीश कुमार यांच्यानंतर त्यांचेच नाव घेतले जाऊ लागले. वीस-वीस वर्षे सतरंज्या उचललेल्या नेत्यांना हे रुचणे शक्यच नव्हते. त्याच काळात त्यांची संस्था इतर पक्षांसाठी काम करत होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये ते 'मातोश्री'वर उद्धव ठाकरे यांना भेटले तेव्हा ते एका मित्रपक्षाचे उपाध्यक्ष म्हणून आले आहेत की व्यावसायिक म्हणून, याचा उलगडा भल्याभल्यांना झाला नाही. सल्लागाराला एकाच वेळी तीन अशिलांची कामे करता येतात, तसे पदाधिकाऱ्याला करता येत नाही. अखेर नागरिकत्व दुरुस्ती कायद्याला पक्षाने दिलेल्या पाठिंब्यावर त्यांनी उघड टीका केली. त्यांना अमित शहा यांच्या सांगण्यावरून पक्षात घेतले, असे नितीश जाहीरपणे म्हणाले आणि २९ जानेवारी २०२० रोजी पक्षाचेच नेते पवन वर्मा यांच्यासह त्यांची हकालपट्टी झाली. तत्त्वाच्या प्रश्नावर पद गमावले, हे त्यांच्या खात्यात जमेचेच धरायला हवे. एप्रिल २०२२ मध्ये काँग्रेसने देऊ केलेली जागा त्यांनी नाकारली, तीही एका समितीचे सदस्यत्व होते. अधिकार कोणाकडे राहणार हे स्पष्ट नसताना आत जायचे नाही, एवढा धडा त्यांनी घेतलेला दिसतो.

प्रश्न (आर्णी, जि. यवतमाळ) : आमच्या तालुक्यातील दाभडी येथे २०१४ मध्ये 'चाय पे चर्चा' झाली होती. ती कल्पना यांचीच का?

होय, त्या मोहिमेची आखणी किशोर यांच्या गटाने केली होती. जानेवारी २०१४ मध्ये काँग्रेसचे नेते मणिशंकर अय्यर यांनी मोदी यांच्या चहाविक्रीचा उपहास केला आणि महिन्याभरात तोच चहा मोहिमेचे नाव झाला. नखांच्या पाकिटांची रीत मुळात येथली आहे. १२ फेब्रुवारीला अहमदाबादहून सुरुवात झाली आणि २० मार्चला मोदी दाभडीत शेतकऱ्यांशी बोलले. शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यातील गाव निवडण्यामागे विचार होता. त्या दिवशी दिलेल्या आश्वासनांचा हिशेब विरोधक आजही दाभडीत येऊन मांडतात, हे आपण आमच्यापेक्षा जास्त जाणता. तो हिशेब कधीच सल्लागाराला विचारला जात नाही.

प्रश्न (पुणे) : अशा सल्लागारांचे शुल्क उमेदवाराच्या खर्चमर्यादेत धरले जाते का?

विधानसभेसाठी महाराष्ट्र, बिहार यांसारख्या मोठ्या राज्यांत उमेदवाराला ४० लाख रुपयांची आणि लोकसभेसाठी ९५ लाख रुपयांची मर्यादा आहे. पण राजकीय पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला मर्यादाच नाही. सल्लागाराशी करार पक्ष करतो आणि तो पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराचा भाग ठरतो. पक्षाने विधानसभा निवडणुकीनंतर ७५ दिवसांत आणि लोकसभेनंतर ९० दिवसांत खर्चाचे विवरण आयोगाला द्यायचे असते, इतकेच बंधन. रकमेची कल्पना यावी म्हणून सांगतो : एका निवडणुकीच्या सल्ल्याचे आपण शंभर कोटींहून अधिक घेतो, असे किशोर यांनी २०२४ मध्ये बिहारमधील पोटनिवडणुकीच्या प्रचारात स्वतःच सांगितले. पुढे २०२५ मध्ये, तीन वर्षांत २४१ कोटी रुपये मिळवले आणि त्यातील ९८ कोटींहून अधिक पक्षाला दिले, असा हिशेबही त्यांनी मांडला. असा हिशेब उघड करणारे नेते आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतके आहेत.

प्रश्न (ऑकलंड, न्यूझीलंड) : आमच्याकडे मिशेल बोग या जनसंपर्क सल्लागार नॅशनल पक्षाच्या अध्यक्ष झाल्या होत्या. त्यांचा अनुभव वेगळा म्हणावा का?

आपल्या पत्राबद्दल आभार. हे उदाहरण उपयोगी आहे. २००१ मध्ये बोग यांनी विद्यमान अध्यक्ष जॉन स्लेटर यांना हरवून ते पद मिळवले. येथे आपल्याकडच्या वाचकांसाठी एक खुलासा करायला हवा की, तेथे पक्षाचा अध्यक्ष आणि पक्षाचा नेता या दोन वेगळ्या व्यक्ती असतात : नेता संसदेत लढतो, अध्यक्ष संघटना, निधी आणि उमेदवार पाहतो. बोग यांनी जुन्या खासदारांना हलवून नवी माणसे आणण्याचा धडाका लावला. त्यातून रोष ओढवला आणि २००२ च्या निवडणुकीत पक्ष २१ टक्क्यांच्या आत घसरून १२० पैकी २७ जागांवर आला. ती पक्षाच्या इतिहासातील सर्वांत वाईट कामगिरी होती, आणि बोग पायउतार झाल्या.

मात्र त्याच निवडणुकीत हेलेन्सव्हिल मतदारसंघात ब्रायन नीसन या विद्यमान खासदाराला डावलून जॉन की नावाच्या एका बँकरला उमेदवारी मिळाली होती. ते सुमारे सतराशे मतांनी निवडून आले आणि २००८ मध्ये पंतप्रधान झाले. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर डॉन ब्रॅश हेही तेव्हाच आले आणि पुढच्या वर्षी पक्षाचे नेते झाले. म्हणजे माणसे हेरण्याचे सल्लागाराचे कसब अध्यक्षपदाला उपयोगी पडले, फक्त त्याचे फळ दुसऱ्यांच्या कारकिर्दीत आले. माहिती हाताशी आली की ती योग्य त्या कानापर्यंत पोहोचवायची, या व्यवसायाच्या सवयीने मात्र त्यांचा घात केला. २०२० मध्ये कोविड रुग्णांचा खासगी तपशील त्यांनी हॅमिश वॉकर या खासदाराला दिला आणि त्याने तो वृत्तमाध्यमांना पुरवला. वॉकर यांना निवडणुकीतून माघार घ्यावी लागली आणि बोग यांना पक्षातून बाहेर पडावे लागले.

प्रश्न (रत्नागिरी) : जन सुराज पक्षाला आता राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळेल का?

नाही. त्यासाठी विधानसभा निवडणुकीत सहा टक्के मते आणि दोन आमदार, किंवा एकूण जागांच्या तीन टक्के अथवा तीन जागा यांतील मोठा आकडा, किंवा एकही आमदार नसला तरी आठ टक्के मते लागतात. यातील एकही अट पूर्ण झालेली नाही. पक्षाची नोंदणी कायम राहील, पण मान्यताप्राप्त पक्षाप्रमाणे चिन्ह राखीव राहत नाही. 'स्कूल बॅग' पुन्हा हवी असेल तर पुढच्या निवडणुकीआधी आयोगाकडे नव्याने अर्ज करावा लागेल.